कोल्हापूरच्या शिवारात जलरंग: निसर्गचित्र जागेवर बसून कसं काढायचं

चौथीतल्या पोराला 'निसर्गचित्र काढ' म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि बाजूला एक नारळाचं झाड. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मोठी पोरंसुद्धा स्मरणचित्राच्या मागे हेच डोंगर ठोकून देतात. करवीर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवली, त्यामुळे असले डोंगर मी गठ्ठ्यांनी तपासलेत. शाळेच्या गच्चीवरून जोतिबा आणि पन्हाळा दोन्ही दिसायचे. दोन्हींचा माथा सपाट. पोरं रोज ते बघायची आणि कागदावर त्रिकोण काढायची.

ज्यांना ब्रश धरता येतो, सपाट वॉश (पाणीदार रंगाचा सलग हात) देता येतो, पण उघड्यावर बसलं की काय काढावं हे सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात असं: इकडचं निसर्गचित्र जागा शोधून सुरू होत नाही. आधी हंगाम ठरवायचा, मग त्या हंगामात कुठे काय काम चाललंय ते बघायचं, आणि तिथे जाऊन बसायचं. आपल्याकडचा निसर्ग म्हणजे निम्म्याहून जास्त शेतीच आहे. माणसाचा हात न लागलेला तुकडा शोधत फिराल, तर गगनबावड्याच्या जंगलापर्यंत जाल आणि तिथे नुसता हिरवा रंग संपवून परत याल.

आधी टाऊन हॉल

रंग उघडण्याआधी एक अख्खी सकाळ भाऊसिंगजी रोडवरच्या टाऊन हॉल संग्रहालयात घालवा. सोमवार सोडून जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी रोमन मूर्ती तिथे आहे, ती बघायला लोक येतात. तुम्ही तीही बघा, पण वेळ राखून ठेवायचा तो आबालाल रहिमानांसाठी.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, नंतर शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले आणि १९३१ साली वारले. मुंबईत राहून साहेबांची व्यक्तिचित्रं रंगवली असती, तर पैसा मिळाला असता. ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ आणि रंकाळा हे तलाव, पंचगंगेचा काठ हेच आयुष्यभर रंगवत राहिले. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खरं-खोटं करत बसू नका. जी उरली आहेत, त्यांच्यापुढे उभे राहा.

उभं राहायचं कसं, तेही सांगतो. आधी आठ-दहा पावलं लांबून बघा आणि डोळे किलकिले करा. चित्रात उजेडाचा मोठा आकार कुठला, सावलीचा मोठा आकार कुठला, एवढंच वहीत काडेपेटीएवढ्या चौकोनात पेन्सिलीनं उतरवा. मग जवळ जा. कागद कोरा कुठे ठेवलाय? सगळ्यात गडद डाग कुठे आहे? कडा कुठे धारदार आहे, कुठे विरघळलीय? ही तीन उत्तरं प्रत्येक चित्राखाली लिहा. रंग कुठला वापरला असेल, या फंदात पडू नका. शंभर वर्षांत कागद पिवळा पडतो, रंग उडतात, तिथे दिसणारी छटा मूळची असेलच असं नाही. उजेड-सावलीची मांडणी मात्र जशीच्या तशी राहते.

त्याच दालनांत दत्तोबा दळवी आणि बाबूराव पेंटर बघायला विसरू नका. बाबूराव म्हणजे बाबूराव मेस्त्री. त्यांनी आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि मग बाबूराव सिनेमात शिरले. १९२५ सालचा त्यांचा 'सावकारी पाश' सावकारानं नागवलेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. हे सांगायचं कारण असं, की कोल्हापूरच्या चित्रकारांना शेतकरी म्हणजे कोपऱ्यात रंगाचा ठिपका म्हणून कधी दिसला नाही. तो त्यांच्या गल्लीतला, ओळखीचा माणूस होता.

हातात वेळ असेल, तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे संग्रहालयही करा. सिनेमातले नट म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांनी पावडर शेडिंगनं, म्हणजे कोरडी रंगपूड कागदावर घासून काढलेली निसर्गचित्रं बघितलीत, की धुकं रंगवायला पाणीच लागतं हा समज जाईल.

हंगाम ठरवा

जूनमध्ये पाऊस लागला की पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या पश्चिम पट्ट्यात भाताची लावण येते. जुलैत चिखल केलेल्या वाफ्यांत पाणी उभं असतं आणि त्यात आख्खं आभाळ पडलेलं असतं. जलरंगासाठी याहून सोपा आणि याहून सुंदर विषय नाही. आभाळाचा वॉश तोच पाण्याचा वॉश, मध्ये बांधांच्या गडद रेघा आणि वाकलेल्या बायकांची ओळ. अडचण एकच, कागद वाळत नाही. मोटारीत बसून काढा, किंवा गोठ्याच्या वळचणीला बसा आणि पहिला वॉश देऊन झाल्यावर चहा प्यायला जा.

सप्टेंबरात मसाई पठारावर जांभ्याच्या (तांबड्या, भोकाभोकांच्या दगडाच्या) सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, फुलं येतात. तिथे फोटोवाल्यांची गर्दी असते. फुलं काढायच्या नादाला लागू नका, जांभा काढा. ओला जांभा बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात थोडा जांभळा मिसळला की हुबेहूब उतरतो.

नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरा येतो. साखरेच्या दृष्टीनं तुरा ही कटकट, शेतकरी वैतागलेला असतो. चित्रकाराला मात्र ही मेजवानी. सकाळी उन्हाकडे तोंड करून बघितलं, तर सगळं शिवार रुपेरी-जांभळं दिसतं. हे तुरे पांढऱ्या रंगानं काढाल, तर खडूसारखे मेलेले दिसतील. कागद कोरा ठेवून, त्यावर पातळ करड्या-जांभळ्या रंगाचा ओलसर हात फिरवायचा आणि खालचा हिरवा त्यात थोडासा चढू द्यायचा. तुरा सुटा दिसायला नको, थर दिसायला हवा.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात, त्यावर पुढे लिहितो. मार्च ते मे नांगरट. काळी ढेकळं, धुरकट डोंगर, भर दुपारी पांढरं पडलेलं आभाळ. नवख्यांना हे रूक्ष वाटतं. माझ्या मते शिकायला याच्यासारखा काळ नाही, कारण हिरवा रंग नसतो आणि चित्र फक्त उजेड-सावलीवर उभं करावं लागतं. चैत्रात जोतिबाची यात्रा, सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) आणि गुलाल. तिथे बसून काढायला जागाच मिळत नाही. उभ्या-उभ्या रेखाटनं करा आणि कागद गुलालापासून जपा.

सामान

यावर जास्त लिहीत नाही, लोक सामान घेण्यात वर्ष घालवतात. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), खरखरीत पोताचा, जमल्यास पूर्ण सुती. कागदात काटकसर करू नका, रंगात करा. रंग सहाच: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अल्ट्रामरीन, कोबाल्ट आणि प्रशियन ब्लू. काळा आणि तयार हिरवा घरी ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळलं की हवा तेवढा काळा मिळतो आणि तो जिवंत असतो. यलो ऑकर आणि प्रशियन ब्लू यांच्यातून आपल्याकडच्या उसाचा हिरवा निघतो. ट्यूबमधल्या हिरव्याला आपल्या शिवारात जागा नाही.

दोन गोल ब्रश, एक मोठा आणि एक टोकाचा, आणि एक चपटा. पाण्याची बाटली आणि दोन डबे, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. जुनं सुती धोतर किंवा पंचा फाडून केलेलं फडकं. ते टिश्यूपेक्षा चांगलं पाणी ओढतं. एप्रिल-मेमध्ये वॉश कागदावर टेकायच्या आत वाळतो. तेव्हा पाण्याच्या डब्यात ग्लिसरीनचे थोडे थेंब टाका. पुठ्ठ्यातून कापलेली चौकट सोबत असावी, तिच्यातून बघितलं की अर्धा पसारा आपोआप गळतो. आणि टोपी. पांढऱ्या कागदावर ऊन पडू देऊ नका, डोळे दिपतात आणि सगळे रंग गरजेपेक्षा गडद लागतात. कागद सावलीत, विषय उन्हात, अशी बैठक शोधा.

डोंगराचा आकार

त्रिकोणाचा राग मघाशी काढलाच, आता तो डोंगर काढायचा कसा ते बघू. हा सगळा प्रदेश लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झालाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. थर आडवे, म्हणून आपल्या डोंगरांच्या मुख्य रेघाही आडव्या. वर सपाट माथा, मग उभा काळा कडा, खाली तिरकी उतरण, पुन्हा एक कडा, पुन्हा उतरण. पन्हाळ्याच्या माथ्यावर तर जांभ्याची टोपीच आहे, तिथली सपाटी अजून ठळक दिसते.

पेन्सिलीनं आधी माथ्याची आडवी रेघ ओढा. ती पट्टीनं ओढल्यासारखी नको, मध्ये कुठे तट, कुठे झाडी यांनी मोडलेली असू दे. मग दोन्ही बाजूंना ती कुठे तुटते ते बघा, आणि उतरण कड्यापेक्षा किती सौम्य आहे तेही. पोरं उतरण नेहमी उभी काढतात. हात लांब करून पेन्सिल आडवी धरा आणि डोंगराची उंची रुंदीत किती वेळा बसते ते मोजा. वाटतं त्यापेक्षा डोंगर फार बुटका निघतो. हे पटायला वेळ लागतो, पण मोजलं की पटतं.

रंग भरताना माथा थोडा ठळक ठेवा आणि पायथ्याकडे येताना ब्रशमध्ये नुसतं पाणी घ्या. धूळ, धूर, दमट हवा हे सगळं खाली साचलेलं असतं, त्यामुळे डोंगराचा पायथा माथ्यापेक्षा फिका दिसतो. डिसेंबरच्या सकाळी हे नीट बघा. कोबाल्ट आणि चिमूटभर लाइट रेड, भरपूर पाणी, एकाच हातात. परत फिरून दुरुस्त करायला जाऊ नका, तिथे लगेच डाग पडतो.

पंचगंगेचा घाट, पायरी-पायरीनं

पहिलं पूर्ण चित्र घाटावर करा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग-चिखलीला एकत्र येतं आणि पुढे शहराला वळसा घालून जातं. घाटावर दगडी पायऱ्या आहेत, दीपमाळा आहेत, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी छोटी देवळं आहेत आणि जवळच शिवाजी पूल आहे. घटक इतके आहेत, की माणूस गोंधळतो. म्हणून काय काढायचं नाही, ते आधी ठरवा. पहिल्या चित्रात एक दीपमाळ, तिच्यामागे एक देऊळ, समोर पाणी, बस्स. पूल पुढच्या वेळी.

सकाळी लवकर जा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे दीड तासात सावल्या पार जागा बदलतात. त्यामुळे आल्या-आल्या सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं आखून टाका आणि मग त्या हलल्या तरी तुम्ही हलू नका.

काडेपेटीएवढी तीन-चार कच्ची रेखाटनं आधी करा. प्रत्येकात फक्त तीन छटा: कोरा कागद, मधली करडी, गडद. जे रेखाटन हातभर लांबूनही ओळखू येतं, ते निवडा. क्षितिजाची रेघ कागदाच्या मधोमध आली असेल, तर वर किंवा खाली सरकवा. दीपमाळही मधोमध नको.

आता मोठा कागद. पेन्सिल हलकी, खोडरबर कमी. दगडाचा एकेक चिरा काढत बसू नका. सगळा कागद स्वच्छ पाण्यानं ओला करा, फक्त जिथे ऊन थेट पडलंय त्या पायऱ्यांच्या कडा कोरड्या ठेवा. त्या ओल्यावर यलो ऑकरचा अगदी पातळ हात क्षितिजापाशी, वर जाताना कोबाल्ट. हाच वॉश थांबू न देता पाण्यापर्यंत खाली ओढा, पाण्यात तो थोडा गडद होऊ दे. जलरंग वाळला की फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा जास्तच झालाय असं वाटायला हवं.

हे पूर्ण वाळू द्या. बोटाच्या मागच्या बाजूनं कागदाला हात लावा. गार लागला, तर अजून ओल आहे. या वेळात आजूबाजूच्या माणसांची रेखाटनं करा.

मग सगळी सावली एका आकारात. देवळाची सावलीतली भिंत, तिची जमिनीवर पडलेली सावली, दीपमाळेची काळोखी बाजू, पायऱ्यांचे उभे भाग, हे वेगवेगळे समजू नका. एकमेकांना लागून असलेली ही एकच सावली आहे. अल्ट्रामरीन, थोडा बर्न्ट सिएना, आणि भरपूर रंग भरलेला मोठा ब्रश. वरून सुरू करा आणि थेंब खाली ओढत आणा. वाटेत कुठे निळा जास्त, कुठे तपकिरी जास्त होऊ दे. ऊन पडलेल्या फरशीजवळ सावली जरा उबदार असते, तिथे ओल्यातच बर्न्ट सिएनाचा एक टिपका सोडा. आपला काळा दगड उन्हात करडा-पिवळसर आणि सावलीत निळसर-जांभळा दिसतो. काळा तो कुठेच नसतो, पाण्याची ओल लागली तिथे सोडून.

पाण्यातलं प्रतिबिंब दगडापेक्षा जरा गडद आणि जरा मऊ. दीपमाळेचं प्रतिबिंब सरळ खाली येतं, सावली मात्र सूर्याच्या उलट बाजूला पडते. या दोघांची गल्लत सगळ्यात जास्त होते. प्रतिबिंब ओढून झालं की चपटा ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून पिळा आणि एक-दोन ठिकाणी आडवा फिरवून रंग उचला. तेवढ्यानं पाणी वाहतं.

शेवटी गडद ठिपके: देवळाच्या दाराचा काळोख, पायऱ्यांच्या फटी, धुणं धुणाऱ्या बाईचं डोकं. हे दहा-बारा फटकाऱ्यांत आटपा आणि उठून दहा पावलं मागे जा. मागून चित्र बरं दिसलं, तर पुन्हा खाली बसू नका. चित्र बिघडतं ते शेवटच्या दहा मिनिटांत, चिरे आखताना.

संध्याकाळी त्याच जागी परत या. ऊन समोरून येतं, सगळं काळ्या आकारांत जमा होतं. तेच चित्र निम्म्या वेळात होतं. रंकाळ्यावर संध्यामठाचंही असंच. पाण्यातला तो दगडी मंडप मावळतीला काढायला जितका सोपा, तितका सकाळी अवघड. त्रिपुरारी पौर्णिमेला घाटावर पणत्या लागतात तेव्हा मात्र कागद घरी ठेवून जा. अंधारात रंग कुठला घेतोय हेच कळत नाही.

म्हैस आणि माणसं

शिवारात म्हैस नाही असं होत नाही आणि म्हैस नीट काढणारा विरळा. एकदा पोरांना घेऊन ओढ्याकाठी बसलो होतो. एका पोरानं झाडाखाली बसलेली म्हैस मन लावून रंगवली. ज्यांची म्हैस, ते मामा पाठीमागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, ही म्हस बसल्याली न्हाई, पडल्याली हाय."

मामांचं बरोबर होतं. जनावर बसतं तेव्हा आधी पुढचे गुडघे टेकतं, मग मागचा भाग खाली सोडतं. बसल्यावर पुढचे पाय छातीखाली दुमडलेले असतात, मागचे दोन्ही एका बाजूला येतात आणि भार एका कुल्ल्यावर पडतो. त्यामुळे पाठीचा कणा सरळ न राहता मागे जरा कलतो. त्या पोरानं चारही पाय समोर पसरले होते. मामांनी मग काठीनं मातीत कण्याची रेघ ओढून दाखवली, मला तशी ओढता आली नसती.

शिंगं बघून काढा. आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशीची शिंगं लांब, मागे खांद्यापलीकडे गेलेली असतात. मुऱ्हा म्हशीची आखूड आणि वळलेली. दोन्ही एकाच गोठ्यात असतात, पण एका डोक्यावर नाही. रंग काळा घेऊ नका. पाण्यातून बाहेर आलेल्या म्हशीच्या पाठीवर आभाळ उतरलेलं असतं, तिथे कागद जवळजवळ कोरा, वर कोबाल्टचा पुसट हात. कुशीकडे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट. पोटाखाली जमिनीचा तांबूस उजेड परत येतो, तो दाखवलात की म्हैस कागदावरून उठते. सराव करायचा असेल, तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी निवांत उभ्या असतात, गिऱ्हाइकाला समोर धार काढून मिळते आणि तुमच्याकडे कुणी बघत नाही.

माणसांच्या बाबतीत एक विनंती आहे. दिसेल त्या पुरुषाला फेटा आणि दिसेल त्या बाईला नऊवारी चढवू नका. भांगलणीला (तण काढायला) बसलेल्या बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्यावर टॉवेल किंवा पदर घट्ट बांधलेला असतो. उसाचं पान हाताला कापतं, म्हणून तो शर्ट. दहा बायका एका ओळीत बसल्या, की मळलेल्या निळ्या, करड्या, चौकटीच्या शर्टांची ओळ दिसते आणि त्यातून कुठे तरी साडीचा गुलाबी, पोपटी काठ चमकतो. यासमोर कल्पनेतली हिरवी नऊवारी फिकी आहे.

आकृती काढताना डोक्यापासून सुरुवात करू नका. आधी पाठीचा बाक एका फटकाऱ्यात, मग टेकलेला हात, मग डोकं, तेही लहानसं. लांबच्या आकृतीला पावलं काढली, की ती बाहुली होते. पाय मातीत विरघळू द्या.

बांधावर जाताना विचारून जा. "मामा, हितं बसून चित्र काढू का?" एवढं पुरतं. बाईंना मावशी म्हणा, आक्का म्हणा. नाही म्हणाल्या, तर दुसरा बांध बघा. चित्र झाल्यावर दाखवून जा, लोक खरं सांगतात. ऊसतोड मजूर बीडकडून येऊन कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घालून राहतात, त्यांच्या बैलगाड्यांची रांग पहाटे फार सुरेख दिसते. गाड्या जरूर काढा. कोपीच्या दारात जाऊन तिथल्या बाईच्या चुलीचं चित्र काढायचं असेल, तर आधी तिच्याशी बोला. उघड्यावर आहे म्हणून ते घर नाही, असं होत नाही.

गुऱ्हाळ

हा अवघड विषय, म्हणून शेवटी. घाटाची, उसाची, म्हशीची चार-सहा चित्रं झाल्याशिवाय इकडे वळू नका.

बाहेरून गुऱ्हाळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, धुराडं आणि चिपाडांचे ढीग. आत गेलात, की उजेड तीन बाजूंनी येतो. छपराच्या उघड्या बाजूनं निळसर दिवस, चुलवाणाच्या (मोठ्या चुलीच्या) तोंडातून नारिंगी जाळ आणि काहिलीवरच्या (रस आटवायच्या मोठ्या कढईवरच्या) वाफेतून गाळून आलेला पांढुरका उजेड. जळण घालणारा गडी चिपाडं आत लोटतो, तेव्हा क्षणभर त्याचा चेहरा खालून उजळतो. रसाला उकळी फुटली की वर मळी येते, ती काढतात. रस आटत येतो तसा रंग बदलतो, आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काविलता हे ढवळायचं अवजार फिरवून, चिमूटभर रस पाण्यात टाकून पाक झाला का ते बघतो. मग चार जण मिळून काहील वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या खड्ड्यात, ओततात. हे ओतणं हे चित्र. पण ते एवढ्या झटपट होतं, की जागेवर रंगवणं शक्य नाही. म्हणून दोन-तीन आदणं (एका वेळी काहिलीत शिजणारा रस म्हणजे एक आदण) नुसती बघत बसा आणि प्रत्येक वेळी एकाच माणसाची ठेवण वहीत उतरवा: एकाला गुळव्या, दुसऱ्याला काहील धरणारे. त्या सगळ्या ठेवणी घरी एका कागदावर आणा.

वाफ रंगवायची नसते, राखायची असते. काहिलीच्या वरचा भाग पाण्यानं ओला करा, भोवती छपराचा अंधार दाट रंगानं आणा आणि ओल्या कडेपाशी थांबा. रंग स्वतःच आत पसरतो आणि कड मऊ होते. जास्त आत आला, तर पिळलेल्या ब्रशनं उचलून घ्या. वाफेची एक बाजू मऊ, एक बाजू जरा ठळक ठेवा, दोन्ही मऊ झाल्या तर ढग दिसतो.

जाळासाठी पहिल्याच वॉशमध्ये यलो ऑकर आणि लाइट रेड चुलवाणाच्या तोंडाशी टाका आणि ती जागा शेवटपर्यंत झाकू नका. नारिंगी जास्त भडक करून जाळ पेटत नाही. भोवतीचा अंधार निळसर केला, की आहे तोच नारिंगी पेटतो. जाळाचा उजेड माणसाच्या हनुवटीखाली, दंडाखाली, काहिलीच्या बुडाला लागतो, तेवढ्या जागा आधीच राखून ठेवा.

गुळाचा ताजा रवा, म्हणजे ढेप, फडक्यातून निघतो तेव्हा त्याला सोनेरी रंग देऊ नका. यलो ऑकरमध्ये बर्न्ट सिएना, आणि फडक्याच्या सुरकुत्यांच्या खुणा. गरम गूळ हातावर देतील, तो खा, पण चिकट बोटं कागदाला लावू नका. साखरेच्या डागावर रंग धरत नाही आणि रात्री मुंग्या लागतात ते वेगळंच.

घरी आल्यावर

मोबाइलवर फोटो काढा, पण चित्र संपल्यावर. आधी काढलात, तर डोळे आळशी होतात. फोटोत सावल्या काळ्याठिक्कर येतात आणि आभाळ पांढरंफट्ट, म्हणून फोटोवरून फक्त आकार तपासायचे, रंग नाही.

चित्राच्या मागे पेन्सिलीनं गाव, महिना, वेळ आणि शिवारात त्या वेळी चाललेलं काम लिहा. 'निसर्गचित्र' असं नाव देऊ नका. 'वडणगे, जानेवारी, सकाळी आठ, खोडवा भांगलण' (खोडवा म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेला ऊस) असं लिहिलंत, तर पुढच्या वर्षी त्याच वेळी कुठे जाऊन बसायचं ते ठरलेलं असतं.

पावसाळ्यात आमच्याकडे कागदाला बुरशी धरते. चित्रं भिंतीला टेकलेल्या कपाटात आणि एकावर एक दाबून ठेवू नका. मध्ये कोरा कागद घालून, उंचावर, हवा लागेल अशी ठेवा. ऑक्टोबरात ऊन पडलं की एक दिवस सगळी बाहेर काढून सावलीत पसरा, थेट उन्हात नाही. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ते वाळल्यावर मऊ कोरड्या ब्रशनं, घराबाहेर झाडा.